क्लब बुडत राहिले, मार्ता खेळत राहिली

आजच्या भागात आपण एका फॉरवर्डबद्दल बोलणार आहोत. तिचं नाव मार्ता विएरा दा सिल्वा, सगळं जग तिला नुसतं मार्ता म्हणतं. वर्ल्ड कपमध्ये १७ गोल. पुरुष असो की बाई, वर्ल्ड कपमध्ये एवढे गोल दुसऱ्या कुणाचेच नाहीत. हा आकडा तुम्ही एखाद्या रीलमध्ये पाहिलाही असेल. मला मात्र आज गोलांपेक्षा पगाराबद्दल जास्त बोलायचंय. जगातली सगळ्यात भारी खेळाडू जिथे जिथे नोकरीला लागली, तिथली दुकानं एकामागून एक बंद का पडत गेली, हा माझा आजचा विषय आहे.

पण त्याआधी थोडं मागे जायला हवं, थेट १९४१ सालात.

ब्राझील म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? समुद्रकिनारा, पिवळी जर्सी, अनवाणी पोरं आणि बॉल. त्या चित्रात पोरी नाहीत, आणि त्याला कारण आहे. १९४० च्या आसपास रिओ आणि साओ पाउलोमध्ये बायकांच्या फुटबॉल टीम तयार होत होत्या, सामने होत होते, लोक बघायला येत होते. हे बघून एका गृहस्थाने राष्ट्राध्यक्ष जेतुलिओ व्हार्गास यांना पत्र लिहिलं. मुलींनी फुटबॉल खेळला तर उद्याच्या आयांचं काय होणार, असा त्याचा सूर. वर्षभरात, १४ एप्रिल १९४१ ला, सरकारने खेळांविषयी एक हुकूमनामा काढला. त्यातल्या एका कलमात म्हटलं होतं की स्त्रियांना त्यांच्या निसर्गाला न मानवणारे खेळ खेळू दिले जाणार नाहीत. मग १९६५ मध्ये, लष्करी राजवटीत, कुठले खेळ ते नाव घेऊन सांगितलं. फुटबॉल, हॉलमध्ये खेळतात तो फुटबॉल, किनाऱ्यावरचा फुटबॉल, सगळे बंद.

ही बंदी उठली १९७९ मध्ये. बायकांच्या खेळाला रीतसर नियम मिळायला १९८३ उजाडलं. म्हणजे हिशोब करा. पेले तीन वर्ल्ड कप जिंकून निवृत्त झाला, तोपर्यंत त्याच्याच देशात मुलीने क्लबात फुटबॉल खेळणं बेकायदा होतं. बंदी होती म्हणून कुणी खेळतच नव्हतं असं नाही. चोरून, गल्लीत, सर्कशीतसुद्धा खेळत होत्या. पण चोरून खेळलेल्या खेळाची लीग होत नाही, त्याचे कोच तयार होत नाहीत, त्याला स्पॉन्सर मिळत नाहीत. हुकूमनामा रद्द करायला एक सही पुरते. त्यात गेलेली चाळीस वर्षं सहीने परत येत नाहीत.

मार्ताचा जन्म १९ फेब्रुवारी १९८६ चा, गाव दोइस रियाशोस. ईशान्य ब्राझीलमधल्या अलागोआस राज्यातलं छोटं, कोरडवाहू गाव. दुष्काळ, पोटासाठी शहराकडे जाणारी माणसं, हे आपल्याला काही नवीन नाही. चार भावंडांत ती धाकटी. वडील ती तान्ही असतानाच घर सोडून गेले, आणि आईने राबून पोरं वाढवली. मार्ता मुलांबरोबर खेळायची कारण दुसरं कुणी नव्हतंच. ती त्यांच्यापेक्षा चांगली खेळायची, ही मात्र अडचण होती. एका स्पर्धेत तर समोरच्या टीमचा कोच अडून बसला की ही मुलगी खेळणार असेल तर मी माझी टीम घेऊन जातो.

चौदाव्या वर्षी तिने रिओची बस धरली. तीन दिवसांचा प्रवास. वास्को द गामा क्लबात ट्रायल होती, तिथल्या हेलेना पाशेको या कोचने तिला निवडलं. आणि आपल्या आजच्या विषयाचा पहिला अध्याय इथेच सुरू होतो, कारण थोड्याच काळात वास्कोने बायकांचा विभाग गुंडाळला. मग मिनास जेराइस राज्यातला सांता क्रूझ नावाचा छोटा क्लब. २००३ मध्ये, सतरा वर्षांची असताना, ती ब्राझीलकडून वर्ल्ड कप खेळली. २००४ मध्ये तिला बोलावणं आलं थेट स्वीडनमधून.

उमेओ! नकाशात बघा जरा. स्वीडनच्या उत्तरेला, जिथे हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो. अलागोआसच्या उन्हात वाढलेली अठरा वर्षांची मुलगी तिथे गेली. का गेली? कारण बायकांना फुटबॉल खेळण्याचे नियमित पैसे मिळतील अशा जागा तेव्हा जगात बोटावर मोजण्याएवढ्या होत्या, आणि ब्राझील त्यात नव्हता. उमेओ छोट्या गावाचा क्लब असला तरी तेव्हा युरोपात दादा होता. मार्ता पोचली त्याच वर्षी त्यांनी युरोपियन कपच्या फायनलमध्ये फ्रँकफर्टला दोन लेग मिळून ८-० हरवलं. मग २००५ ते २००८, सलग चार वर्षं स्वीडिश लीग. २००६ पासून फिफाचा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान सलग पाच वेळा तिलाच मिळाला.

आता २००७. ह्या वर्षावर मी जरा रेंगाळणार आहे, चालवून घ्या.

जुलैमध्ये रिओत पॅन अमेरिकन स्पर्धा झाली. फायनल माराकाना स्टेडियममध्ये, समोर अमेरिका. अमेरिकेने तरुण पोरींची टीम पाठवली होती हे खरं, पण ब्राझीलने ५-० ने जिंकल्यावर जवळजवळ सत्तर हजार लोक बायकांच्या टीमसाठी ओरडत होते, हेही खरंच. माराकानात मोठ्या खेळाडूंच्या पावलांचे ठसे जपून ठेवतात. त्यात उमटलेलं पहिलं बाईचं पाऊल मार्ताचं. पेलेने फोन करून कौतुक केलं, आणि पेपरवाल्यांनी तिला ‘स्कर्टमधला पेले’ करून टाकलं. स्कर्ट घालून कुणी फुटबॉल खेळत नाही, पण असो.

सप्टेंबरमध्ये चीनमध्ये वर्ल्ड कप. सेमीफायनल हांगझोऊला, परत अमेरिका, पण या वेळी खरी अमेरिका. ५१ सामने न हरलेली टीम. ब्राझीलने त्यांना ४-० ने धुतलं. त्यातला चौथा गोल यूट्यूबवर शोधा, मी थांबतो. मार्ता डावीकडे बॉक्सच्या कडेला गोलकडे पाठ करून उभी आहे. बॉल येतो. ती तो न वळताच एका बाजूने मागे सोडते आणि स्वतः डिफेंडरच्या दुसऱ्या बाजूने फिरून पुढे जाते. डिफेंडरला नेमकं कुणाला धरायचं तेच कळत नाही. मग आत वळून आणखी एकीला चकवते आणि बॉल जाळ्यात. वर्ल्ड कपमधला माझा सगळ्यात आवडता गोल हाच, आणि मी पुरुषांचे गोल धरून बोलतोय.

फायनल शांघायला, जर्मनीशी. बिर्गिट प्रिन्झने गोल केला, ०-१. मग ब्राझीलला पेनल्टी मिळाली. मार्ताने मारली, नादीन आंगेररने अडवली. ०-२ ने हरले. मार्ताला स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वाधिक गोल, दोन्ही बक्षिसं मिळाली, पण कप नाही. आणि मेडल घ्यायला उभ्या राहिलेल्या ब्राझीलच्या मुलींनी एक फलक धरला, आपल्याच देशाला उद्देशून. आम्हाला आधार द्या, अशा अर्थाचा. वर्ल्ड कपची फायनल खेळून आलेली टीम, आणि मागणी काय, तर एवढीच.

आता पैशांकडे येऊ. २००९ मध्ये अमेरिकेत बायकांची नवी प्रोफेशनल लीग सुरू झाली आणि तिचा चेहरा म्हणून मार्ताला आणलं. क्लब लॉस एंजेलिस सोल. वर्षाला पाच लाख डॉलरच्या आसपास पगार, अशा बातम्या होत्या. लीगमध्ये सर्वाधिक गोल तिचे, टीम टेबलमध्ये पहिली. जानेवारी २०१० मध्ये क्लब बंद. मालक मिळेना.

मग कॅलिफोर्नियातलाच एफसी गोल्ड प्राइड. २०१० ला सर्वाधिक गोल परत तिचे, आणि या वेळी टीम चॅम्पियनसुद्धा. फायनल सप्टेंबरमध्ये ४-० ने जिंकली. नोव्हेंबरमध्ये क्लब बंद. दोन महिने झाले नव्हते हो!

तिसऱ्या वर्षी वेस्टर्न न्यूयॉर्क फ्लॅश. सर्वाधिक गोलांत परत ती, टीम परत चॅम्पियन. या वेळी क्लब टिकला. बंद पडली ती अख्खी लीग.

मधल्या काळात ती लोनवर ब्राझीलला सांतोस क्लबात, म्हणजे पेलेच्याच क्लबात, खेळून आली. २००९ ला दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची बायकांची पहिली स्पर्धा झाली, ती सांतोसने जिंकली, फायनल ९-०. आणि २०१२ च्या सुरुवातीला सांतोसनेही बायकांची टीम बंद केली. नेयमारला क्लबात टिकवायचं, तो खर्च कुठून तरी काढायचा, म्हणून ही काटकसर असं तेव्हा छापून आलं होतं.

मार्ता परत स्वीडनला गेली, त्युरेसो नावाच्या क्लबात. २०१२ ला लीग जिंकली. २२ मे २०१४ ला लिस्बनमध्ये चॅम्पियन्स लीगची फायनल, समोर वोल्फ्सबुर्ग. मार्ताचे दोन गोल. हाफटाइमला त्युरेसो २-० ने पुढे, आणि शेवटी ३-४ ने पराभव. ही फायनल खेळताना क्लबाचं दिवाळं निघायला आलेलं होतं, खेळाडूंना ते ठाऊक होतं. जूनमध्ये टीमने लीगमधून माघार घेतली आणि त्या मोसमातले त्यांचे सगळे निकाल पुसून टाकले गेले.

मग ती रोसेनगोर्डला गेली, आणि २०१७ पासून अमेरिकेत ऑर्लँडो प्राइडला.

मला इथे एक गोष्ट खटकते. हे सगळं सांगितलं की लोक म्हणतात, बाजार आहे, बघायला माणसं येत नाहीत तर क्लब चालणार कसे? पण माराकानात माणसं आली होती ना? माणसं यायला सवय लागते. सवय लागायला दर आठवड्याला सामना लागतो, तो टीव्हीवर दिसावा लागतो, आणि पोरगी आठ वर्षांची असताना तिला क्लबात घेणारं कुणी असावं लागतं. पुरुषांच्या फुटबॉलला हे सगळं करायला शंभर वर्षं मिळाली. बायकांच्या लीगने तीन वर्षांत नफा दाखवायचा, नाहीतर कुलूप. हा बाजार नाही, ही घाई आहे.

आणि मार्ता हे नुसतं सोसत बसली नाही. २०१९ च्या फ्रान्समधल्या वर्ल्ड कपला तिच्या बुटांवर कुठल्याच कंपनीचं चिन्ह नव्हतं. आधीचा करार संपला होता, नव्याने आलेल्या ऑफर पुरुष खेळाडूंच्या मानाने तुटपुंज्या वाटल्या म्हणून तिने नाकारल्या. बुटांवर होतं ते समानतेचं चिन्ह. ऑस्ट्रेलियाविरुद्ध पेनल्टीवर गोल केल्यावर तिने पाय उचलून बुटाकडे बोट दाखवलं. पुढचा गोल इटलीविरुद्ध, तोच सतरावा, आणि जर्मनीच्या मिरोस्लाव क्लोझेचा १६ गोलांचा विक्रम मोडला.

त्याच वर्ल्ड कपमध्ये ल हाव्र शहरात फ्रान्सने ब्राझीलला एक्स्ट्रा टाइममध्ये हरवून बाहेर काढलं. सामना संपल्यावर ती थेट कॅमेऱ्यात बघून देशातल्या पोरींशी बोलली. फोर्मिगा, क्रिस्तियाने, मार्ता कायमच्या राहणार नाहीत, आता तुमच्यावर आहे, असं काहीसं. लोक त्या क्लिपला रडका क्षण म्हणून शेअर करतात. मला तर ती दटावणी वाटते, घरातल्या मोठ्या ताईची.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये, ब्राझीलच्या फेडरेशनने जाहीर केलं की देशासाठी खेळताना स्त्री-पुरुषांना सारखाच दैनिक भत्ता मिळेल. त्याच्या आधी, २०१९ पासून, दक्षिण अमेरिकेच्या मोठ्या क्लब स्पर्धेत उतरायचं तर पुरुषांच्या क्लबाकडे बायकांचीही टीम हवी, असा नियम आला होता. आता सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाहीये. पण नियम कागदावर असला की निदान भांडता येतं.

२०२२ ला मार्ताचा गुडघा गेला, तोच एसीएल, जवळजवळ वर्षभर घरी. २०२३ ला सहावा वर्ल्ड कप, जमैकाशी ०-० आणि गटातूनच बाहेर. सगळ्यांनी निरोपाचे लेख लिहून टाकले. आणि मग २०२४! वयाच्या ३८ व्या वर्षी ती ऑर्लँडोची कॅप्टन होती. सेमीफायनलमध्ये बचावफळी चकवत केलेला एक गोल, आणि २३ नोव्हेंबरला कॅन्सस सिटीत फायनल १-० ने खिशात. आठ मोसम एकाच क्लबात. तिच्या पायाखालचा हा क्लब बुडाला नाही, आणि तिथे ती चॅम्पियन झाली. त्याच वर्षी फिफाने बायकांच्या फुटबॉलमधल्या सर्वोत्तम गोलसाठी तिच्या नावाचं बक्षीस सुरू केलं. पहिलं बक्षीस कुणाला? मार्तालाच.

शेवटचं एक सांगतो. २ ऑगस्ट २०२५, इक्वेडोरची राजधानी कितो, कोपा अमेरिकाची फायनल, कोलंबियाशी. ३९ वर्षांची मार्ता बाकावर बसलेली. सामना संपायला दहाएक मिनिटं उरली असताना तिला उतरवलं. ब्राझील २-३ ने मागे, इंज्युरी टाइमचं सहावं मिनिट, आणि तिने लांबून बॉल जाळ्यात घातला, ३-३. एक्स्ट्रा टाइममध्ये आणखी एक. कोलंबियाने तोही फेडला, ४-४. मग शूटआउट, आणि त्यात मार्ताची पेनल्टी अडवली गेली, शांघायसारखीच. फरक एवढाच की या वेळी मागून आलेल्या पोरींनी आपापल्या पेनल्टी घातल्या आणि कप ब्राझीलला आणला.

२०२७ चा बायकांचा वर्ल्ड कप ब्राझीलमध्ये आहे. तारखा लावून ठेवा. भेटू पुढच्या भागात.