यारीच्या अवयवांची नावे

आपल्या ज्ञातीतील कित्येक तरुण आज बांधकामावर यंत्रे चालवून उदरनिर्वाह करीत आहेत. माझा एक जुना विद्यार्थी उंच मनोऱ्याच्या यारीवर, म्हणजे लोक जिला क्रेन म्हणतात तिच्यावर, काम करतो. मध्यंतरी तो भेटावयास आला असता मी तिच्या अवयवांची नावे विचारली. त्याने ती भराभर सांगितली, पण शेवटी संकोचून म्हणाला, "गुरुजी, ही आम्हां अडाण्यांची भाषा. पुस्तकात का असे शब्द असतात?" त्याचा हा संकोच दूर व्हावा, एवढ्याचसाठी हा लेखप्रपंच.

प्रथम मूळ नावच पाहू. ग्रीक भाषेत 'गेरानोस' म्हणजे क्रौंच पक्षी. ओझे उचलणाऱ्या यंत्रासही ग्रीकांनी तेच नाव दिले. लांब मान खाली घालून भक्ष्य उचलणारा पक्षी ज्याने पाहिला, त्यालाच हे नाव सुचावे! इंग्रजी 'क्रेन' आणि फ्रेंच 'ग्रू' या शब्दांतही पक्षी व यंत्र असे दोन्ही अर्थ आहेत.

इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस नावाचा रोमन स्थापत्यज्ञ होऊन गेला. त्याने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात या यंत्राचे साद्यंत वर्णन केले आहे. दोन लाकडे माथ्याशी जोडून उभी करावयाची, ती दोरांनी ताणून धरावयाची आणि वर कप्पी बांधावयाची. वरच्या ठोकळ्यात दोन व खालच्या ठोकळ्यात एक, अशी तीन चाके असली की त्यास 'त्रिस्पास्तोस' म्हणत. पाच चाके असली की 'पेंटास्पास्तोस'. तीन चाकांच्या योगाने ओझे दोराच्या तीन पदरांवर विभागले जाई व ओढणाऱ्याचे श्रम सुमारे एकतृतीयांश होत. दोर गुंडाळणाऱ्या रहाटास 'सुकुला' म्हणत. या शब्दाचा दुसरा अर्थ लहान डुकरीण! रहाटाचा आस ज्या खोबणीत फिरे, तिचे नाव 'केलोनिया'. ते कासवावरून आले. ही नावे पंडितांच्या सभेत ठरलेली दिसत नाहीत. गुरेढोरे व पशुपक्षी ज्यांच्या नित्य परिचयाचे होते, अशा कष्टकऱ्यांच्या तोंडीच ती घडली असली पाहिजेत. पंडिताने ती लिहून ठेवली, इतकेच.

कित्येक नावे भीषणही आहेत. इ. स. १६०० च्या सुमारास लंडनजवळ टायबर्न येथे डेरिक नावाचा जल्लाद होता. त्याचे नाव प्रथम फाशीच्या खांबाला व पुढे ओझे उचलणाऱ्या 'डेरिक' यंत्राला चिकटले.

अर्वाचीन काळाकडे वळू. महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जर्मनीत घरे झपाट्याने उभारावयाची होती. त्यासाठी १९४९ साली हान्स लीबहेर यांनी सहज हलविता येणारी मनोऱ्याची यारी तयार केली. अशा यारीच्या आडव्या भुजेवर आकडा घेऊन पुढेमागे धावणाऱ्या गाड्यास जर्मन कामगार 'लाउफकाट्झे', म्हणजे 'धावती मांजर', म्हणतात. कप्पीच्या ठोकळ्यास ते 'बाटली' म्हणतात. दोन हजार वर्षे लोटली, तरी कामगाराची नाव ठेवण्याची रीत पालटली नाही.

आपल्याकडेही तोच प्रकार आहे. ओझे खाली सोडताना आपले खलाशी 'आरिया' असा पुकारा करतात. हा शब्द पोर्तुगीज 'अरियार', म्हणजे खाली सोडणे, यावरून आलेला असून गलबतांवरून बंदरात व बंदरातून बांधकामावर पोहोचला. तो कोणत्याही क्रमिक पुस्तकात मी कधी शिकविला नाही. परंतु खाली उभ्या असलेल्या माणसाचे प्राण त्या एका शब्दावर अवलंबून असतात. वरच्याने व खालच्याने त्याचा एकच अर्थ घेतला पाहिजे, नाही तर अनर्थ ओढवतो.

म्हणून तरुण बंधूंनो, कप्पी, आकडा, भुजा, प्रतिभार हे शब्द उच्चारताना मान खाली घालू नका. नव्या उमेदवारास यंत्राला हात लावू देण्यापूर्वी प्रत्येक अवयवाचे नाव व कार्य त्याच्याकडून घोकून घ्या. माझ्या त्या विद्यार्थ्यास मी एक कोरी वही दिली असून त्याचे सर्व शब्द तीत लिहून काढण्यास सांगितले आहे. आजवर मी त्याचा गुरू होतो. ती वही भरून आली म्हणजे मी त्याचा विद्यार्थी होईन.