सैतानाच्या नखांचे ओरखडे

यंत्र वारंवार बिघडू लागले की आपण पटकन म्हणतो, "मालच हलका आहे." कधी ते खरे असते, कधी नसते. ह्या बाबतीत माझदाच्या स्पोर्ट्स कारची गोष्ट मला फार आवडते.

नेहमीच्या इंजिनात पिस्टन, म्हणजे आपल्या पुस्तकातला दट्ट्या, पुढे-मागे सरकतो. जर्मनीच्या फेलिक्स वांकेल ह्यांच्या इंजिनात दट्ट्याच नाही! कमरेत किंचित दबलेल्या लांबट पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण गरगर फिरतो. त्याला रोटर म्हणतात. एन.एस.यू. कंपनीत १९५७ साली त्याचा पहिला नमुना चालला. हिरोशिमाच्या तोयो कोग्योने, म्हणजे पुढच्या माझदाने, १९६१ साली त्याचा परवाना घेतला.

आणि दुखणे सुरू झाले. त्रिकोणाच्या तिन्ही टोकांवर एकेक पट्टी असते, एपेक्स सील. ती भिंतीला सतत टेकून राहिली पाहिजे. नाहीतर वायू निसटतो आणि इंजिनाचा जोर जातो. इथे थोडे चालल्यावर इंजिन उघडावे, तर आतल्या गुळगुळीत भिंतीवर लाटांसारखे ओळीने ओरखडे! त्यांना नाव पडले 'सैतानाच्या नखांचे ओरखडे'.

केनिची यामामोतो ह्यांच्या सत्तेचाळीस जणांच्या चमूने पट्टीसाठी नाना पदार्थ वापरून पाहिले. पण ओरखडे ओळीने का उठतात? नुसते घर्षण असते तर भिंत सरसकट झिजली असती. वर्गातल्या सगळ्या मुलांचे गणित एकाच पायरीला चुकले, तर मास्तरांनी आधी फळ्याकडे बघावे, तसेच हे. पट्टी भिंतीवरून सरकताना थरथरत होती. तिच्या टोकाजवळ आडवी-उभी भोके पाडून थरथरीची गती बदलली, तेव्हा ओरखडे थांबले. पुढे विक्रीच्या गाडीत कार्बन आणि ॲल्युमिनियमची पट्टी बसवली.

ही गाडी म्हणजे कॉस्मो स्पोर्ट, मे १९६७ मध्ये बाजारात आली. पुढच्याच वर्षी जर्मनीत न्यूर्बुर्गरिंगच्या ८४ तासांच्या शर्यतीत दोन कॉस्मो उतरल्या. एक शेवटच्या काही तासांत बाद झाली, दुसरी चौथी आली. उलट एन.एस.यू.ची रो ८० हीसुद्धा १९६७ चीच. तिच्या पट्ट्या लवकर झिजत. हमीपोटी इंजिने बदलून देता देता कंपनी खचली आणि १९६९ साली फोक्सवागेनच्या पंखाखाली गेली.

१९७८ च्या आरएक्स-७ पासून ही गाडी जगभर पोचली. तिच्या मालकांना आजही दोन गोष्टी सांगाव्या लागतात. हे इंजिन पट्ट्यांच्या वंगणासाठी मुद्दामच थोडे तेल जाळते. त्याला गळती समजू नये, पण तेलाची पातळी वरचेवर पाहावी. थंड इंजिन क्षणभर चालवून लगेच बंद करू नये. आत पेट्रोल साचते आणि गाडी पुन्हा सुरू होत नाही. जोर कमी वाटला तर रोटरच्या तिन्ही बाजूंचा दाब मोजावा. एक धक्का मंद आला तर तिथली पट्टी गेली असे समजण्याआधी बाकीचेही पाहावे, कारण एक पट्टी दोन बाजूंना सामाईक असते.

१९९१ साली माझदाच्या ७८७बी गाडीने ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. तिच्यातही इंजिन रोटरीच होते. एन.एस.यू. आणि माझदा, दोघांनाही दुखणे एकच झाले होते. एकाने ते गिऱ्हाइकाच्या दारात गेल्यावर निस्तरले, दुसऱ्याने आपल्या कारखान्यात असतानाच.