शैक्षणिक कर्ज : नाव मुलाचे, सही वडिलांचीही

अड्याळ (जि. भंडारा) : भंडारा-पवनी मार्गावरील अड्याळ आणि परिसरातील कुटुंबांचे आर्थिक वर्ष धानाच्या बांध्यांवर ठरते. पैसा हाती येतो तो धान विकून चुकारे मिळाल्यावर. मात्र येथील मुलगा वा मुलगी नागपूर, पुण्याच्या महाविद्यालयात अभियांत्रिकी, परिचर्या किंवा व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमास गेली आणि त्यासाठी बँकेचे कर्ज घेतले की, वर्षातून एकदा येणाऱ्या उत्पन्नाची गाठ दर महिन्याच्या हप्त्याशी पडते. नोकरी वेळेवर लागली तर हा व्यवहार सुरळीत पार पडतो. ती लांबली, तर विशी-बाविशीतील तरुणाच्या नावावर थकबाकी चढते आणि सहकर्जदार म्हणून सही केलेले वडीलही तिच्यात ओढले जातात.

बँकांच्या शैक्षणिक कर्जाची आजची चौकट २००१ मध्ये आकारास आली. इंडियन बँक्स असोसिएशनने आदर्श योजना तयार केली आणि त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने ती बँकांकडे पाठविली. या योजनेनुसार ४ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास तारण लागत नाही. पालक सहकर्जदार असले की पुरते. २०१५ मध्ये केंद्राने पत हमी निधी सुरू केल्यानंतर त्याखालील ७.५ लाखांपर्यंतची कर्जेही तारण व त्रयस्थ जामीनदाराविना देता येऊ लागली. गावाकडील विद्यार्थ्यांना पूर्वी आणखी एक कारण ऐकावे लागे, ‘तुमचे गाव आमच्या सेवाक्षेत्रात येत नाही.’ या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१२ मध्येच बँकांना बजावले आहे.

खरा घोळ होतो तो ‘हप्ता सुरू होण्यापूर्वीच्या’ काळात. अभ्यासक्रमाचा कालावधी आणि त्यानंतरचे एक वर्ष परतफेडीस सवलत असते. या काळात काहीच द्यायचे नाही, असा अनेकांचा समज होतो आणि तो महागात पडतो. हप्ता थांबलेला असतो, व्याज थांबलेले नसते. या काळात सरळ व्याजाची आकारणी होते आणि परतफेड सुरू होताना ती रक्कम मुद्दलात मिळविली जाते.

उदाहरण घेऊ. चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी १ लाख याप्रमाणे ४ लाख रुपये १० टक्के दराने उचलले. पाचव्या वर्षाअखेर त्यावर १ लाख ४० हजार रुपये व्याज साचते आणि परतफेड ५ लाख ४० हजारांवर सुरू होते. दहा वर्षांची मुदत घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ७,१४० रुपये आणि एकूण भरणा साडेआठ लाखांहून थोडा अधिक. मुदत पंधरा वर्षे केल्यास हप्ता सुमारे ५,८०० रुपयांवर येतो, पण एकूण भरणा १० लाख ४४ हजारांच्या घरात जातो. हप्त्यातील तेराशे रुपयांच्या दिलाशासाठी जवळपास १ लाख ९० हजार रुपये जादा मोजावे लागतात.

याउलट, शिक्षण सुरू असतानाच व्याज भरत गेल्यास पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे ८३३ रुपये लागतात. चौथ्या वर्षी हा आकडा ३,३३३ रुपयांवर पोहोचतो, हेही खरे आणि धानउत्पादक घरास तो झेपेलच असे नाही. झेपल्यास मात्र दहा वर्षांच्या मुदतीत एकूण ८० हजारांहून अधिक रुपये वाचतात. नियमित व्याज भरणाऱ्यास दरात एक टक्का सूट देण्याची तरतूदही आदर्श योजनेत आहे. कर्ज घेतानाच शाखेत तिची विचारणा करावी. चुकाऱ्यांची रक्कम आल्यावर वर्षाचे व्याज एकदम भरण्याचा मार्गही मोकळा असतो.

ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत आहे, त्यांच्यासाठी केंद्राची व्याज अनुदान योजना २००९-१० पासून आहे. पात्र संस्थेतील व्यावसायिक वा तांत्रिक अभ्यासक्रमासाठी सवलतीच्या काळातील व्याज सरकार भरते. त्यासाठी तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला बँकेत वेळेत सादर व्हावा लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. मात्र ती निवडक दर्जेदार संस्थांपुरतीच आहे. राज्यात २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ झाले. मुलीसाठी कर्जाचा अर्ज भरण्याआधी ही माफी तपासलेली बरी. कर्ज मग केवळ वसतिगृह, भोजन अशा खर्चापुरते उरते.

नोकरी लागली नाही तर काय, हा प्रश्न बँकेपासून लपवून ठेवण्याची प्रवृत्ती आढळते. फोन उचलणे बंद होते, पत्ता बदलतो. वस्तुतः २०१५ च्या सुधारित योजनेत बेरोजगारी किंवा अपुऱ्या पगाराच्या काळासाठी कर्जाच्या संपूर्ण मुदतीत दोन-तीन वेळा, प्रत्येकी जास्तीत जास्त सहा महिने, परतफेड पुढे ढकलण्याची सोय आहे. हा अर्ज खाते बिघडण्याआधी करावा. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते आणि त्यानंतर शाखा व्यवस्थापकाचे हात बांधले जातात.

थकबाकीची नोंद पतमाहिती अहवालात मुलाबरोबरच सहकर्जदार वडिलांच्या नावेही होते. पुढे वडील ट्रॅक्टरसाठी वा घरासाठी बँकेत गेले की ती समोर येते. लोकअदालतीत तडजोड करून काही रक्कम माफ करवून घेता येते, पण अहवालात कर्ज ‘पूर्ण फेडले’ असे न येता ‘तडजोडीने मिटविले’ असे येते. चार-पाच वर्षांनी गृहकर्ज घेऊ पाहणाऱ्या तरुणाने हा फरक आधी ध्यानी घ्यावा. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो.

वसुलीसाठीही नियम आहेत. थकीत रकमेसाठी सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये मनाई केली. दंडाची रक्कम मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावण्यासही २०२४ पासून बंदी आहे. तक्रारीवर बँकेने ३० दिवसांत दाद न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येते.

नोकरी लागलेल्यांसाठी आणखी एक बाब. या कर्जावर भरलेल्या संपूर्ण व्याजाची वजावट जुन्या करप्रणालीत आठ वर्षांपर्यंत मिळते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ती कलम ८०ई म्हणून ओळखली जाई. नव्या करप्रणालीत ती मिळत नाही. मुदतपूर्व परतफेडीस आदर्श योजनेत दंड नाही, तेव्हा दिवाळीचा बोनस थेट मुद्दलात भरता येतो. शेवटचा हप्ता गेल्यावर बँकेकडून ना-देय दाखला घ्यावा, कर्जासाठी जमीन वा अन्य तारण दिले असल्यास त्याची कागदपत्रे सोडवून घ्यावीत आणि सातबारावर बोजा चढविला असल्यास तो कमी करण्यासाठी तलाठ्याकडे अर्ज द्यावा.