सिकंजबीनमधला मध

उर्दू शाळेत शिकवता शिकवता शब्दांची फोड करून दाखवण्याची आम्हाला खोडच लागली आहे. एकदा वर्गात ‘सिकंजबीन’ हा शब्द आला. उत्तरेकडे लिंबू-साखरेच्या सरबताला शिकंजी म्हणतात, ती याच शब्दावरून. मूळ शब्द फारसी, सिर्का आणि अंगबीन यांचा जोड. अंगबीन म्हणजे मध. फळ्यावर हे लिहून होते न होते तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘‘सर, मग यात मध कुठंय?’’

प्रश्न बिनतोड होता. हा मध गेला कुठे, ते आम्ही शोधू लागलो.

सिर्का आणि मधाचे हे मिश्रण मूळ ग्रीक वैद्यांचे. हिप्पोक्रेटीस आणि जालीनूस यांच्या वैद्यकात ते होते. नवव्या शतकात हुनैन इब्न इसहाक या ख्रिस्ती विद्वानाने बगदादमध्ये जालीनूसचे ग्रंथ सुरयानी व अरबी भाषांत आणले. पुढे इब्न सीना (९८०–१०३७) यांच्या ‘अल्-कानून’मध्ये ही विद्या एकत्र झाली. यात हिंदुस्थानचाही वाटा आहे. हकीमसाहेबांच्या दुकानातले ‘इत्रिफल’ म्हणजे आपला त्रिफळाच! हिरडा, बेहडा, आवळा यांची पूड मधात कालवली की झाले इत्रिफल. माजूनही अशाच मधात बनत.

मधच का? एक तर कडू औषध घशाखाली उतरते. दुसरे म्हणजे ते टिकते. चांगल्या मधात पाण्याचा अंश पाचव्या हिश्शापेक्षाही कमी असतो, त्यामुळे जंतूंना त्यात वाढताच येत नाही. शिवाय मध आम्लधर्मी. माशीच्या डोक्यातल्या ग्रंथींतून आलेल्या एका द्रव्यामुळे पाणी लागताच त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, तेही जंतूंना मारक. सुमारे इ.स.पूर्व १६०० च्या मिसरी पपायरसमध्ये जखमेवर मध बांधण्याचे उपाय आहेत. आजही निर्जंतुक केलेला मध भाजलेल्या जखमांवर वापरतात.

मग साखर आली. इराणात आणि मिसरमध्ये उसाची लागवड वाढली तशी ती औषधांतही शिरली. गुलाबपाकळ्या मधात मुरवून होई ते ‘गुलअंगबीन’. साखरेत मुरवू लागले तेव्हा ‘गुलकंद’ झाले. कंद म्हणजे साखर. तिथे नाव तरी प्रामाणिकपणे बदलले. सिकंजबीनचे नाव राहिले, मध गेला.

आमच्या घरात मात्र मधाचे वेगळेच प्रकरण झाले. अब्बांना मधुमेह. कुणी तरी सांगितले, मधाने शुगर वाढत नाही, त्यात शिफा आहे. झाले, रोज फजरनंतर दोन चमचे सुरू! तीन महिन्यांनी रिपोर्ट आला आणि डॉक्टर रागावले. आम्ही बाटली उचलली तर अब्बा म्हणाले, ‘‘कुरआनवर शंका घेतोस?’’

शंका नव्हतीच. सूरह नहलच्या ६८–६९ या आयतींत माशीच्या पोटातून निघणाऱ्या रंगारंगाच्या पेयात लोकांसाठी शिफा असल्याचे सांगितले आहे. मधाला ‘असल’ हा शब्द मात्र तिथे नाही, तो सूरह मुहम्मदच्या १५व्या आयतीत, जन्नतच्या नद्यांच्या वर्णनात येतो. पोट बिघडलेल्या माणसाला मध पाजण्याची हदीस ‘बुखारी’त आहे. पण हीच आयत पाठ असलेले हकीम मधाला ‘गरम व खुश्क’ म्हणत आणि रोग्याचा मिजाज पाहूनच देत. सरसकट सर्वांना नव्हे. मधात ऐंशी टक्क्यांच्या आसपास साखरच असते. आम्ही अब्बांना हकीमांचीच साक्ष काढली. ते काही बोलले नाहीत.

नवजात बाळाला मधाचे बोट चाटवण्याची चालही आपल्या घरांत आहे. इथे आम्ही स्पष्टच सांगतो, एक वर्ष पुरे होईपर्यंत बाळाला मध अजिबात नको. मधात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांचे पोट ते सहज पचवते, तान्ह्याचे नाही, आणि मग बाळ लुळे पडू शकते. तहनीकच्या हदीसमध्ये तर चावलेल्या खजुराचाच उल्लेख आहे. वर्षापुढच्या मुलांना खोकल्यात रात्री चमचाभर मध जरूर द्यावा. २०१८ मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्य-मार्गदर्शनानेही साध्या खोकल्यावर अँटिबायोटिकच्या आधी मधच सुचवला.

आणि थंडीत मध थिजला म्हणून फेकू नये. ती त्यातली ग्लुकोजच दाणेदार होते, थिजणे ही भेसळीची खूण नव्हे. भेसळ डोळ्यांना दिसत नाही. २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने १३ ब्रँडचा मध तपासून घेतला, तेव्हा बहुतेकांत साखरेचा पाक मिसळल्याचे त्यांनी जाहीर केले. त्या मुलाचा प्रश्न आता मधाच्या बाटलीलाही विचारावा लागतो.

अब्बांची बाटली अजून कपाटात आहे. नातवंडांना खोकला झाला की ती बाहेर निघते. झाकण मात्र तेच उघडतात.