ड जीवनसत्त्व : आतड्यातील कॅल्शियमचा द्वारपाल

संगमनेर, राहाता हा नगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील पट्टा दुधासाठी प्रसिद्ध आहे. जिल्हा साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने पावसाळा वगळता उन्हालाही तोटा नाही. तरीही दूध पोटात गेले म्हणजे त्यातील कॅल्शियम हाडांत पोहोचले, असे नव्हे. मध्ये आतड्याची भिंत असते.

त्वचेवर सूर्याचे अतिनील किरण पडले की ड जीवनसत्त्व तयार होते, परंतु ते निष्क्रिय असते. यकृतात व नंतर मूत्रपिंडात त्याचे कॅल्सिट्रिऑल हे संप्रेरक बनते. (त्यामुळे याला जीवनसत्त्व म्हणणे तसे अपुरेच.) लहान आतड्याच्या, विशेषतः त्याच्या आरंभीच्या भागातील पेशींत हे संप्रेरक तीन प्रथिनांची निर्मिती वाढवते. पहिले प्रथिन कॅल्शियमला पेशीत प्रवेश देते, कॅल्बिंडिन नावाचे दुसरे ते पलीकडे वाहून नेते आणि तिसरे ऊर्जा खर्चून ते रक्तात लोटते. ड जीवनसत्त्व पुरेसे असता आहारातील सुमारे ३० ते ४० टक्के कॅल्शियम शोषले जाते. त्याच्या अभावी जेमतेम १० ते १५ टक्के. काही कॅल्शियम पेशींमधील फटींतूनही झिरपते, पण आहारातच ते कमी असेल तर हा मार्ग पुरत नाही.

रक्तातील कॅल्शियम घटू लागताच परावटू ग्रंथी ते हाडांतून काढून घेतात. लहान मुलांना मुडदूस होतो. प्रौढांची हाडे मऊ पडतात, दुखतात.

जिल्ह्याचे मुख्य अन्न असलेल्या बाजरी-ज्वारीत कॅल्शियम थोडेच, आणि त्यांतील फायटेट त्याला बांधून ठेवते. अकोल्याच्या डोंगराळ भागात पिकणाऱ्या नाचणीत मात्र १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. शहरात गेलेल्यांनी ती ताटातून का हद्दपार केली, कोण जाणे!

सकाळचे कोवळे ऊन उत्तम, हा समज मात्र तपासून घ्यावा. त्या वेळी किरण तिरपे येत असल्याने ड तयार करणारे अतिनील किरण फारच कमी पोहोचतात. दुपारच्या सुमाराचे थोडे ऊन अधिक उपयोगी. खिडकीच्या काचेआडून ते मिळत नाही. गडद त्वचेला वेळही जास्त लागतो. ६०,००० एककांच्या गोळ्या किंवा पुड्या वैद्यकीय सल्ल्याविना घेत राहिल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.