जुहूचे खाजण आणि टपालाचे विमान

आजचा धागा एका अशा विमानतळाविषयी, जो भरतीच्या वेळी समुद्रसपाटीच्या खाली जात असे.

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीच्या द्रिघ रोड तळावरून जे. आर. डी. टाटा यांनी पहाटे एकट्याने उड्डाण केले. बरोबर सुमारे २५ किलो टपाल. लंडनहून इम्पीरियल एअरवेजच्या विमानांनी ते कराचीपर्यंत आणले होते. अहमदाबादला इंधन भरावयाचे होते; ते बैलगाडीतून, डब्यांमध्ये भरून आले! दुपारी विमान जुहूला उतरले. पुढे नेव्हिल व्हिंटसेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले.

हा प्रसंग आपण अनेकदा वाचलेला असतो. मात्र ‘जुहू विमानतळ’ हे शब्द वाचताना डोळ्यांपुढे डांबरी धावपट्टी, दिवे आणि मनोरा उभा राहतो. तेथे यांपैकी काहीही नव्हते. होते ते समुद्रालगतचे खाजण. कोरडे पडले की मैदान, पाऊस लागला की चिखल. रेडिओ नाही, दिशादर्शक यंत्रणा नाही.

तरीही विमान उतरू शकले, याचे कारण विमानाच्या घडणीत आहे. टाटांचे पस मॉथ हे एका इंजिनाचे, वैमानिकासह जेमतेम तिघांना नेणारे हलके विमान. लाकडी पंख, त्यांवर ताणून बसवलेले कापड. अशा विमानाला आडवा वारा सोसत नाही. वाऱ्याच्या तोंडाला उतरणेच श्रेयस्कर. त्यामुळे एका ठरावीक दिशेच्या अरुंद पट्टीपेक्षा चहूबाजूंनी मोकळे, सपाट मैदान त्याला अधिक मानवते. म्हणूनच त्या काळी जगभर साधी गवताळ मैदानेच विमानतळ म्हणून चालत. जुहू हे त्यांतलेच एक. १९२८ पासून तेथे उड्डाणे होत होती. (जे. आर. डीं.चा वैमानिक परवाना १० फेब्रुवारी १९२९ चा, क्रमांक १. तोही मुंबईचाच.)

खरी कसोटी पावसाळ्याची. हवाई टपालाचे सारे मोल वक्तशीरपणात. सरकारने अनुदान नाकारलेले. म्हणजे खाडा झाला तर तोटा कंपनीचा आणि पतही कंपनीचीच जाणार. इकडे जून उजाडला की जुहूचे मैदान पाण्याखाली!

तोडगा अगदी घरगुती होता. बिऱ्हाड उचलायचे. दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन यांत्रिक, असा सारा संसार घाटावर, पुण्यास हलत असे. तेथे वापरायला मिळाले ते येरवडा तुरुंगाच्या सावलीतले एक मैदान. याच तुरुंगात २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला होता, पहिल्या टपाल-उड्डाणाच्या अवघ्या तीन आठवडे आधी. सेवा मुंबईची, पण पावसाळ्यात विमाने पुण्यात. पुणेकरांनी यावर काय म्हटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

माझ्या मते, भारतीय विमानसेवेच्या आरंभाचे श्रेय एकट्या धाडसी वैमानिकाला देणे अपुरे आहे. दरवर्षी आवराआवर करून घाट चढणाऱ्या त्या तीन यांत्रिकांचाही त्यात वाटा आहे. त्यांची छायाचित्रे आपण ‘आजचा दिनविशेष’मध्ये टाकत नाही.

१९३६ साली जुहूला बारमाही धावपट्टी बांधली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठी वाहतूक सांताक्रूझला गेली आणि जुहू पुन्हा लहान विमानांकडे व हेलिकॉप्टरांकडे वळले.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८व्या वर्षी, जे. आर. डीं.नी त्याच उड्डाणाची उजळणी केली. पस मॉथचे धाकटे भावंड म्हणावे असे लेपर्ड मॉथ विमान घेऊन ते कराचीहून निघाले आणि जुहूला उतरले. या वेळी चाकांखाली पक्की धावपट्टी होती.