संध्याकाळी पाचनंतर गिरणी बंद

उन्हाळा म्हणजे गिरणीची सुगी. आमच्या खेडला, म्हणजे कागदोपत्री राजगुरुनगरला, एप्रिल लागला की शेवयांचे गहू, पापडाचे उडीद, वर्षाची हळद-मिरची सगळं एकदम दळायला येतं. सासऱ्यांनी वाडीत घातलेली गिरणी पुढे मी चालवली. भारनियमनाचे उन्हाळे मी त्या मोटारीजवळ उभी राहून पाहिलेत.

दाभोळचा वीजप्रकल्प २००१ मध्ये बंद पडला. मागणी वाढत गेली आणि त्या मानाने नवी वीज आलीच नाही. २००५ च्या सुमारास राज्याला हजारो मेगावॉट कमी पडत होते. त्यातून ऊन तापलं की पंखे, कूलर, विहिरीवरच्या मोटारी, आणि दिवेलागणीला घराघरांतले दिवे. नेमक्या त्याच वेळी गावंच्या गावं अंधारात जायची.

मग अक्षय प्रकाश योजना आली. गावाने मिळून ठराव करायचा: संध्याकाळी ५ ते रात्री ११ फक्त दिवा, पंखा, टीव्ही. गिरणी, पाण्याची मोटार, इस्त्री, शेगडी बंद. तारांवर टाकलेले चोरीचे आकडे काढायचे. एवढं पाळलं तर संध्याकाळची वीज जाणार नाही.

आमची बैठक मारुतीच्या देवळात झाली. पहिला प्रश्न गिरणीचाच निघाला. चाकणच्या कंपन्यांत जाणारी पोरं संध्याकाळी पाळी सुटल्यावर डबा घेऊन यायची, त्यांचं दळण कधी करायचं? मी म्हटलं, डबे सकाळी ठेवून जा, झाकणावर खडूने नाव घाला. दुपारी वीज असेल तेव्हा दळून ठेवते. बायकांनी ते लगेच उचलून धरलं, कारण अंधारात चुलीपुढे बसायचा जाच त्यांनाच होता.

पाळतंय कोण, हे कळायला मीटर लागत नव्हता. अख्ख्या वाडीला एकच डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. कुणी कन्डेन्सर लावून सिंगल फेजवर चोरून मोटार सुरू केली की दाब उतरायचा. बल्बची तार लालसर व्हायची, पंख्याची पाती मोजता यायची. दोन-तीन जण बॅटरी घेऊन विहिरींकडे निघायचे. भांडण क्वचितच व्हायचं. माणूस खाली मान घालून स्टार्टर बंद करायचा आणि घरात पोहोचेपर्यंत बल्ब पांढरा झालेला असायचा. महावितरणचा वायरमन रोज येऊन हे करू शकला नसता.

याच काळात, २००६ मध्ये, पुणे आणि पिंपरी-चिंचवडने वेगळी वाट काढली. कारखान्यांनी स्वतःचे जनरेटर चालवायचे, त्यामुळे वाचलेली वीज शहराला द्यायची आणि महागड्या डिझेलचा जादा खर्च जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांनी बिलातून सोसायचा. पुणे मॉडेल म्हणून त्याची चर्चा देशभर झाली आणि ती योग्यच होती. पण आमच्यासारख्या गावांनी पैसा नसताना आपली कामं पुढेमागे सरकवून जे साधलं, त्याची नोंद फारशी कुणी ठेवली नाही, याचं मला वाईट वाटतं.

वीज साठवून ठेवायची सोय तेव्हा जवळपास नव्हतीच. ज्या क्षणी लागते त्याच क्षणी ती तयार व्हावी लागते. म्हणून दुपारी दोनचं दळण आणि रात्री आठचं दळण युनिटांत सारखं भरलं, तरी डीपीवर पडणारा ताण सारखा नसतो. हे आमच्या वाडीतल्या अडाणी म्हाताऱ्यांनाही त्या काळात पक्कं कळलं होतं.

पुढे गावठाणाचे फीडर शेतीपासून वेगळे झाले, वीज वाढली, ठराव विस्मरणात गेला. आता घराघरांत घरघंटी आहे, पाण्याची मोटार आहे, चाकणच्या पगारावर घेतलेले एसीही आहेत. २०२२ च्या एप्रिलमध्ये उष्णतेची लाट आली आणि राज्यात पुन्हा भारनियमन झालं, तेव्हा पुष्कळ सुनांना ते नवीनच होतं. घरघंटी, इस्त्री, वॉशिंग मशीन दुपारीच उरका आणि टाकी उन्हं उतरायच्या आत भरा, एवढं मी त्यांना सांगत फिरले. १ जुलै २०२५ पासून तर नव्या मीटरवर घरगुती ग्राहकांनाही सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरासाठी दरात सवलत आहे. परवा शेजारच्या सुनेला तिच्या बिलावरची ती ओळ दाखवली. दुसऱ्या दिवशी तिची घरघंटी जेवणाआधीच सुरू झाली होती.